नितळ पाणी

येरळेकाठच्या एका गावात नाना जलसुरक्षक होते. हुद्दा ऐकायला भारदस्त, मानधन मात्र सांगायला लाज वाटावी एवढं. विहिरीचं पाणी टाकीत चढलं की हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबानं टीसीएल पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची आणि अर्धा-पाऊण तासानं गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळावर जाऊन ओटी टेस्ट घ्यायची. काचेच्या नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचलं. नाही झालं तर सायकल पुन्हा टाकीकडं. मग वहीत तारीख, वेळ, नळाचं ठिकाण आणि सही. एकोणीस वर्षं हेच.

गाव हसायचं. “नाना, तळातला खडा दिसतोय की! एवढ्या नितळ पाण्याला कशाला वास लावता?” एका वर्षी यात्रेच्या आदल्या सकाळी मारुतीच्या देवळामागच्या नळाचं पाणी पिवळं होईना. नानांनी पुरवठा थांबवायला सांगितलं. सरपंच म्हणाले, “घरोघरी पाव्हणं उतरलेत आन नळ बंद? पाणी दिसतंय की चांगलं.” तिसऱ्या दिवशी शाळेच्या वर्गात खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या लटकत होत्या. गटाराखालून गेलेला पाइप एका जोडाला सुटला होता. त्या वर्षी ग्रामपंचायतीला पाणी धोक्याचं असल्याचं लाल कार्ड मिळालं आणि नानांच्या शब्दाला वजन आलं. पुढं पिवळं, मग हिरवं. हिरव्या कार्डाबद्दल मात्र कुणी नानांना शाल-नारळ दिला नाही. तपासलेले बहुतेक नमुने चांगलेच निघतात, आणि चांगल्या निघालेल्या नमुन्याची गावात बातमी होत नाही.

नानांच्या गळ्यात माळ. दारू सोडाच, चहासुद्धा बेतानं. त्यामुळं त्यांच्या पोटात पाणी झालंय हे कळलं तेव्हा गावाला मोठा पेच पडला. “चोरून घेत असतील,” असं पारावर दोघं-तिघं बोललेच. आपल्याकडं लिव्हर म्हटलं की बाटलीच आठवते. खरं तर वीस वर्षांची साखर आणि लिव्हरमध्ये साठत गेलेली चरबी एवढंसुद्धा पुरतं. हिपॅटायटिस बी किंवा सी आत मुक्कामाला असला तरी पुरतं. लिव्हर हळूहळू घट्ट, गाठीगाठींचं होतं, त्यातून रक्त नीट वाहत नाही, शिरांतला दाब वाढतो आणि पोटात पाणी झिरपू लागतं. जुने वैद्य याला जलोदर म्हणत. नानांचं वर्षभर बिनमिठाचं जेवण आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांवर बरं चाललं होतं.

दिवाळीनंतर पायांवर सूज चढली, पोट ताणलं, जिना चढताना दम लागू लागला. तरी ताप नाही. पोटात दुखत नाही. उलटी नाही. मुलगा चाकणला कंपनीत, घरी सूनबाई. खटकलं ते तिला. रोजची वही तीच ग्रामसेवकाकडं पोचती करायची. चार दिवसांपूर्वीचं नानांचं अक्षर नेहमीसारखं, शिरोरेषेला धरून. परवाच्या ओळीत ‘क्लोरीन’मधला र गायब. काल सही रकान्याबाहेर घसरलेली. आणि आज दोन वेगळ्या नळांपुढं एकच वेळ लिहिलेली. नाना दिवसा पेंगत होते, रात्री टक्क जागे. सूनबाईनं मामांना, म्हणजे नानांच्या मेहुण्याला, फोन केला. जीप आली, आणि घाईत कपड्यांच्या पिशवीत ती वहीही गेली.

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात रात्री नऊच्या सुमारास नानांना वॉर्डात घेतलं. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नानांना दोन्ही हात पुढं ताठ धरून पंजे मागं करायला सांगितले; पंजे राहून राहून गळत होते. मग नाव लिहायला सांगितलं. सूनबाईनं न बोलता वही पुढं केली. बाईंनी मागची चार पानं उलटली आणि सिस्टरला हाक मारली, “टॅपिंगचा ट्रे घ्या. कल्चरच्या बाटल्या पण.”

“आत्ता?” मेहुणे उठून उभेच राहिले. “मॅडम, पोटातलं पाणी काढलं की मानूस टिकत न्हाई. आमच्या भावकीत दोघं गेलेत असं.”

ही समजूत एकट्या त्या मेहुण्यांची नाही. गावोगाव आहे, आणि तिला कारणही आहे. पोटात सुई घालायची पाळी आपल्याकडं बहुतेक अगदी शेवटी येते, माणूस बेशुद्धीला टेकल्यावर. मग तो गेला की दोष सुईच्या माथी. सुई आधी आली असती तर काय झालं असतं, हे बघायला मिळालेलं घर विरळा. मेहुण्यांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी जे दोनदा पाहिलं त्यावरून हिशेब मांडला होता.

बाईंनी समजावलं की सगळं पाणी काढायचं नाही, तपासणीपुरतं काढायचंय, एका सिरिंजभर. मेहुण्यांनी दुसरा मुद्दा काढला. संध्याकाळी रक्ताचे रिपोर्ट आले होते. आयएनआर २.१, प्लेटलेट ६८,०००. रक्त गोठायला वेळ लागतोय हे कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. “रक्त थांबलं न्हाई म्हंजे?”

“लिव्हरच्या पेशंटचे हे आकडे असेच असतात, मामा. या बारीक सुईनं मोठा रक्तस्राव शंभरात एकालासुद्धा होत नाही. त्यासाठी आधी प्लाझ्मा, प्लेटलेट चढवत बसायची गरज नसते.”

“पण सोनोग्राफीत पाणी स्वच्छ हाय म्हनाले की.”

“सोनोग्राफीत पाणी दिसतं. त्यातले जंतू दिसत नाहीत.”

इतका वेळ पेंगत असलेल्या नानांनी इथं डोळे उघडले. ताप नाही, दुखत नाही, मग सुई कशाला, असं तेही मघाशी पुटपुटले होते. आता म्हणाले, “नमुना घेनार का? कशात भरनार?”

आजारानं अक्षर नेलं होतं, पण एकोणीस वर्षांची सवय शाबूत होती. बाईंनी हातातलं काम थांबवलं आणि ट्रे त्यांना दिसेल असा धरला. जांभळ्या टोपणाची छोटी नळी, ती पेशी मोजायला. साधी नळी, प्रथिनं आणि अल्ब्युमिन बघायला. आणि दोन बाटल्या, तळाशी थोडं द्रावण असलेल्या, जंतू वाढवून पाहायला.

“ह्या बाटलीत इथंच भरनार, का खाली लॅबात न्हेऊन?”

“इथंच, खाटेपाशी. नळीत भरून खाली पाठवलं आणि तिथं मग बाटलीत ओतलं तर पुष्कळदा जंतू वाढतच नाहीत. प्रत्येक बाटलीत दहा मिली.”

“बाटलीचं तोंड?”

“स्पिरिटनं पुसते. आणि अँटिबायोटिक या नमुन्यानंतर. आधी दिलं तर कल्चरमध्ये काही उगवणार नाही.”

नानांनी मान हलवली. नळाची तोटी आधी पेटत्या बोळ्यानं भाजून घ्यायची, बाटली आतून विसळायची नाही, बूच जमिनीवर ठेवायचं नाही, हे त्यांनी कित्येक पोरांना शिकवलं होतं. नमुना नीट घेणाऱ्या माणसाशी त्यांचं कधी भांडण होत नसे. “घ्या,” म्हणाले, आणि सदरा स्वतःच वर केला.

डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून दोन बोटं वर आणि दोन बोटं आत, अशी जागा बाईंनी बोट वाजवून पक्की केली. बधिर करायचं इंजेक्शन. मग सुई आत घालताना कातडी थोडी खाली ओढून धरलेली, म्हणजे सुई काढल्यावर भोक सरळ राहत नाही आणि पाणी गळत नाही. सिरिंजमध्ये फिकट पिवळं पाणी चढलं. नानांनी मान वळवून उजेडात ते पाहिलं. पलीकडचे खिडकीचे गज त्यातून दिसत होते.

“नितळ हाय,” मेहुणे म्हणाले.

यावर नाना काही बोलले नाहीत. सूनबाई म्हणते, ते मेहुण्यांकडं फक्त बघत राहिले, सरपंचांकडं पाहिलं होतं तसं.

पोटातल्या या पाण्यात जंतू येतात कुठून, ते सांगायला हवं. बाहेरून नाही. आतडं फुटलेलं नसतं, कुठं जखम नसते. आपल्याच आतड्यातले ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू भिंत ओलांडून रक्तात येतात. धडधाकट लिव्हर त्यांना वाटेत गाठतं. आजारी लिव्हरला ते जमत नाही. पोटातल्या पाण्यात प्रथिनं कमी, त्यामुळं तिथं त्यांना अडवणारं फारसं कुणी नसतं. अमेरिकेतले हॅरल्ड कॉन यांनी १९६४ साली या दुखण्याचं वर्णन केलं. त्या काळी ते झालेले बहुतेक रुग्ण दगावत. आजही दवाखान्यात दाखल झालेल्या अशा पाचांतला एखादा जातोच. आणि यातला लबाडपणा असा की अपेंडिक्स फुटल्यावर पोट जसं फळीसारखं ताठ होतं, तसं इथं होत नाही. पाण्यामुळं पोटाचे पडदे एकमेकांवर घासत नाहीत. पुष्कळांना ताप नसतो, काहींना तर कसलाच त्रास नसतो. कधी नुसती झोप उलटी होते, कधी क्रिएटिनिन किंचित चढतं, कधी सही रकान्याबाहेर जाते. म्हणून जगभरच्या लिव्हरच्या डॉक्टरांचा नियम सरळ आहे: पोटात पाणी असलेला रुग्ण असा अचानक दाखल झाला की कारण कुठलंही असो, पाणी तपासायचं, आणि लगेच तपासायचं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा संसर्ग असलेल्यांपैकी ज्यांचं पाणी दाखल झाल्यापासून बारा तासांनंतर तपासलं, त्यांच्यात मृत्यूची शक्यता पावणेतीन पटींच्या आसपास निघाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की तिथल्या दवाखान्यांतही दहातल्या सुमारे सहा जणांचीच ही तपासणी होते. नियम पुस्तकात असतो. रात्री नऊ वाजता तो पाळायला कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं.

साडेअकराला लॅबमधून फोन आला. पांढऱ्या पेशी ९००, त्यातल्या ७२ टक्के न्यूट्रोफिल. बाईंनी कागदावर गुणाकार केला: ६४८. संसर्गाची रेषा २५०ची.

“जंतू कुठला, ते?” नानांनी विचारलं.

“ते कल्चरमध्ये, दोन दिवसांनी. कदाचित कळणारही नाही; निम्म्याअधिक वेळा काहीच उगवत नाही. पण आकडा २५०च्या वर गेला की मी थांबत नाही.”

“बरोबर हाय. नळ पिवळा झाला न्हाई की मी बी जिल्ह्याच्या रिपोर्टाची वाट बघत न्हाई.”

सेफोटॅक्झिम सुरू झालं. अल्ब्युमिनची चिठ्ठी लिहिली तेव्हा मेहुणे पुन्हा उठले. साठ किलो वजन, किलोला दीड ग्रॅम, म्हणजे नव्वद ग्रॅम पहिल्याच दिवशी. बाटलीत वीस ग्रॅम. साडेचार बाटल्या, आणि तिसऱ्या दिवशी आणखी तीन. एकेक बाटली हजारांच्या घरात. “अँटिबायोटिक चालू झालं न्हवं? मग ह्ये कशाला?” बाईंनी उत्तर तिथंच, उभ्या उभ्या दिलं. या संसर्गात जंतू मरतात पण मूत्रपिंडं बसतात, आणि माणूस त्यानं जातो. नानांचं क्रिएटिनिन १.३ झालेलंच होतं. स्पेनमध्ये १२६ रुग्णांवर झालेल्या, १९९९ साली छापून आलेल्या अभ्यासात नुसत्या अँटिबायोटिकवर शंभरातल्या तेहेतीस जणांची मूत्रपिंडं बिघडली. जोडीला अल्ब्युमिन दिलेल्यांत दहा जणांची. दवाखान्यात दगावणाऱ्यांचं प्रमाण २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं. मेहुण्यांनी आकडे ऐकले, खिसा चाचपला आणि बाजारात एका व्यापाऱ्याला फोन लावला. त्यांची हळद त्याच्याकडं पडून होती. तोंडानं विरोध करणारी माणसं वेळेला पैसा उभा करतात, आणि समजूतदार वाटणारी कधी कधी फोन उचलत नाहीत. हे आपलं जाता जाता.

शेजारच्या खाटेवर एक टेम्पोवाला होता. त्याचं लिव्हर दारूनंच गेलेलं. रात्रभर तो गाडीचा नंबर ओरडत होता. त्याच्या बायकोला वाटत होतं की उतरलेली नाही, दुसरं काय. बाईंनी त्याचंही पाणी त्याच रात्री काढलं. आकडा आला ६०. संसर्ग नाही.

“बघा,” मेहुणे सकाळी नानांना म्हणाले, “त्याला फुकटच टोचलं.”

नाना रात्रीपेक्षा जरा जागे होते. “पाव्हणं, म्हैन्याला किती नमुने पाठवतो मी जिल्ह्याला?”

“मला काय ठावं.”

“त्यातलं बहुतेक चांगलंच येत्यात. मग काय, पाठवू नको?”

मेहुणे चहा आणायला गेले. टेम्पोवाल्याच्या बाबतीत त्या साठच्या आकड्याचा उपयोग एवढाच झाला की डॉक्टरांनी त्याच्या बडबडीचं कारण दुसरीकडं शोधलं. चार दिवस शौचाला झालं नव्हतं. लॅक्टुलोज दिलं आणि तिसऱ्या दिवशी तो बायकोला तिच्या नावानं हाक मारू लागला.

अठ्ठेचाळीस तासांनी नानांचं पाणी पुन्हा तपासलं. औषध लागू पडतंय का, हे बघायचा तोच मार्ग. आकडा पाव भागानंही उतरला नसता तर औषध बदलावं लागलं असतं. तो उतरून १४० झाला होता. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही. क्रिएटिनिन खाली आलं. पाचव्या दिवशी नानांनी वही मागितली आणि सही केली. रकान्यात.

घरी सोडताना बाईंनी चार गोष्टी सांगितल्या. नॉरफ्लॉक्सासिन ४०० ची गोळी रोज एक, कारण एकदा झालेला हा संसर्ग वर्षाच्या आत पुन्हा होण्याची शक्यता फार मोठी. ॲसिडिटीची जी गोळी नाना वर्षानुवर्षं उपाशीपोटी घेत होते, ती बंद. गरज नसताना घेतली तर आतड्यातल्या जंतूंचं फावतं. मीठ नाहीच. आणि लिव्हर बदलायचं बोलणं आता पुढं ढकलू नका, मुलाला चाकणहून बोलवा. शेवटच्या गोष्टीवर घरात बरेच दिवस खल झाला. ती वेगळी कहाणी आहे.

फाल्गुनात नानांना पुन्हा त्याच दवाखान्यात आणावं लागलं. पाण्याच्या गोळ्यांनी सोडियम उतरलं होतं, हातापायांत बळ नव्हतं. या वेळी रात्रपाळीला नवा डॉक्टर होता, नुकताच आलेला. पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला. अक्षर ठीक, पंजेही ताठ. म्हणाला, “काका, त्रास काहीच नाही. शिवाय नॉरफ्लॉक्सासिन चालूच आहे. पाण्याचं सकाळी राउंडला बघू.”

“सकाळी नको,” नाना म्हणाले. “आत्ताच घ्या.”

“अहो, गोळी चालू आहे म्हटल्यावर...”

“डॉक्टर, टाकीत पावडर टाकली म्हनून मी कधी नळावरची टेस्ट चुकवली न्हाई. पावडर जुनी असती, पाइप फुटलेला असतो. ह्या बाजूला घ्या, डावीकडं. आन बाटल्या हितंच भरा.”

डॉक्टर हसला, पण ट्रे मागवला. तासाभरात आकडा आला: ९०.

“म्हंजे याबारीला उगीचच टोचून घेतलं की, दाजी,” मेहुणे म्हणाले.

नानांनी सूनबाईला वही काढायला सांगितली. ग्रामपंचायतीच्या जुन्या छापील वहीतली कोरी राहिलेली पानं फाडून त्यांनी आपल्या पोटाच्या पाण्याची वेगळी नोंदवही केली होती. तारीख, वेळ, नमुन्याचं ठिकाण, आकडा. सूनबाईनं सगळं भरलं आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबली. तिथं छापलेलंच होतं: ‘पिण्यास योग्य / अयोग्य’.

“इथं काय लिहू, मामंजी?”

“ ‘पिण्यास’ खोड,” नाना म्हणाले, “आन नुसतं ‘योग्य’ ठेव.”